बसऱ्याची वाट आणि आमची पडवी

मे महिना लागला की आमचं घर फुगतं. एरवी चिऱ्यांच्या या जुन्या घरात आम्ही तीनच माणसं असतो. ऐंशी ओलांडलेली आई, माझी पत्नी आणि मी. परीक्षा संपल्या, निकाल लागले, की अंगणात एकेक गाडी येऊन थांबू लागते. मुंबईहून बहीण आणि तिची मुलं, पुण्याहून माझा मुलगा आणि सून, चिपळूणहून फुफी. कुवेतच्या शाळांना तेव्हा सुट्टी नसते, म्हणून धाकटा भाऊ पंधरा दिवसांची रजा काढून एकटाच येतो. आईला भेटायला आलो, असं तो म्हणतो. आई म्हणते, आंब्यांना भेटायला आलाय. रात्री पडवीपासून माजघरापर्यंत अंथरुणं पसरली की पाणी प्यायला उठलेल्या माणसाला पाय ठेवायला जागा राहत नाही. न्हाणी एकच. सकाळी तिच्यासमोर जी रांग लागते ती मुंबईच्या कुठल्याही चाळीला लाजवील.

आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीवर, दाभोळच्या बंदरापासून थोडं आत आहे. भरती आली की पाणी आगराच्या गडग्याला लागतं. माळ्यावर पेंढ्यात आंब्यांची आढी घातलेली असते आणि तिचा वास जिन्यावरून खाली उतरून घरभर फिरतो. कुठल्या बाजूचा आंबा आज काढायला हवा, हे आईला वर न जाता नुसत्या वासावरून कळतं. ती खालून सांगते आणि नातवंडं वर शोधतात. उन्हं चढायच्या आत बायका फणसपोळी वाळत घालतात, रतांबे फोडून सालं वेगळी करतात. सुकट, बोंबील, आंबोशी, मिरच्या, सगळं अंगणात पसरलेलं असतं आणि राखणीला एक लहान मूल व एक काठी. बरका फणस फोडायचा दिवस तर सणासारखाच. हाताला खोबरेल लावायचं, जुनी साडी अंथरायची आणि मुंबईच्या मुलांनी चिकामुळे केस कापून घ्यायची तयारी ठेवायची.

जेवणं झाली की सगळं घर आडवं होतं. ही वेळ माझी. झोपाळ्यावर बसून मी शाळेतला जुना नकाशांचा संग्रह उघडतो. पानं सुटलीत, पण अरबी समुद्राचं पान शाबूत आहे. दाभोळवर बोट ठेवायचं आणि हळूहळू डावीकडे सरकवत न्यायचं. मस्कत, सोहार, मग आखातात शिरल्यावर इराणच्या किनाऱ्याला सिराफ, आणि अगदी टोकाला बसरा. सिराफ त्या नकाशात छापलेलं नाही. मी पेन्सिलीनं टिंब काढून ठेवलंय. यातल्या एकाही गावी मी गेलेलो नाही. माझ्याकडे पासपोर्ट आहे, एकदा नूतनीकरणही केलंय, पण दोन्ही पुस्तिका कोऱ्याच.

आमच्या घराण्यात हे जरा लाजिरवाणं आहे. आजोबा जहाजावर होते. बाबा खलाशी म्हणून लागले आणि तांडेल होऊन उतरले. विलायती कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवर काम करणारी माणसं मोठ्या प्रमाणात रत्नागिरी जिल्ह्यातून, त्यातही आम्हा कोकणी मुसलमानांतून जात. जहाजावरच्या नोकरीची नोंद असलेली पुस्तिका प्रत्येकाकडे असे. आमच्या घरात तिला ‘नल्ली’ म्हणत. बाबांची नल्ली आईनं पत्र्याच्या ट्रंकेत नमाजाच्या ओढणीत गुंडाळून ठेवली आहे. त्यांच्यानंतर भाऊ कुवेतला गेला. मी बी. ए. झालो, जमिनीवरची नोकरी धरली आणि कविता लिहीत बसलो. बाबा म्हणायचे, एक तरी मुलगा कोरडा राहिला.

कविसंमेलनांना मी जातो. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी कुणीतरी सज्जन माणूस हमखास जवळ येतो. “मराठी फार छान हो तुमचं,” म्हणतो. मी आभार मानतो. मग तो विचारतो, “तुम्ही मूळचे कुठले?” मी गावाचं नाव सांगतो. तो हसतो आणि म्हणतो, “नाही, म्हणजे त्याच्या आधी?”

त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हे ‘त्याच्या आधी’ माझ्या डोक्यात बसलंय खरं. सुट्टीत घर भरलं की पोरंही तेच विचारतात, फक्त त्यांच्या विचारण्यात धार नसते. म्हणून एका उन्हाळ्यात मी ठरवलं, नीट वाचून काढू आणि त्यांना एकदा सांगून टाकू. ते सांगणं इथे थोडक्यात मांडतो.

सुरुवात वाऱ्यापासून करायला हवी. अरबी समुद्रावर वर्षातून दोनदा वारा तोंड फिरवतो. साधारण नोव्हेंबर ते मार्च तो ईशान्येकडून वाहतो. तेव्हा कोकणातून शीड उभारलं की गलबत अरबस्तानाकडे, आफ्रिकेकडे आपसूक जातं. एप्रिल-मे मध्ये वारा फिरून नैऋत्येचा होऊ लागतो आणि गेलेली माणसं घरी परतू शकतात. जूनमध्ये हाच वारा इतका पिसाळतो की बंदरं बंद. या ठरलेल्या वेळेला अरबी खलाशी ‘मौसिम’ म्हणत, म्हणजे हंगाम. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, इंग्रजांनी त्यांच्याकडून घेतला आणि तो ‘मान्सून’ होऊन शाळेच्या पुस्तकातून आपल्याकडे परत आला. आपला ‘मोसम’ मात्र युरोपात न जाता सरळ आला. एकाच शब्दाची ही दोन भावंडं आकाशवाणीच्या हवामानवृत्तात मी कधी कधी एका दमात ऐकतो आणि मला मजा वाटते.

आता विचार करा. बसऱ्याहून खजूर भरून एखादा नाखवा चौलला किंवा दाभोळला आला. माल विकायला उशीर झाला, किंवा परतीच्या मालाची वाट बघावी लागली, आणि तेवढ्यात मोसम निघून गेला. आता पुढचा वारा फिरेपर्यंत इथेच. सबंध पावसाळा. चार महिने माणूस काय करील? भाड्यानं घर घेईल. भाषा शिकेल. कुणाच्या तरी हातचं जेवेल. दुसऱ्या वर्षी त्याच घरी येईल. तिसऱ्या वर्षी लग्न करील. आमच्या समाजाची सुरुवात अशी झाली असावी, असं इतिहासकार म्हणतात. तलवार घेऊन आलेल्यांची कथा शाळेत सगळ्यांना शिकवतात. ही खोळंबलेल्या माणसांची कथा आहे, म्हणून बहुधा कुणी सांगत नाही.

याला साक्षीदार आहे. अल-मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी लेखक हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, ‘सैमूर’ला आला होता. सैमूर म्हणजे अलिबागजवळचं आपलं चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा तिथे शिलाहारांच्या झंझ राजाचं राज्य होतं. मसूदीनं लिहून ठेवलंय की या गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे, आणि कुणी ‘बयासिरा’. बयासिरा म्हणजे कोण, तर हिंदुस्थानात जन्मलेले मुसलमान, असा अर्थ तो स्वतःच देतो. त्यांचे तंटे सोडवायला राजानं त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. हा माणूस आला तेव्हा ज्ञानेश्वरांच्या जन्माला साडेतीनशे वर्षांहून जास्त अवकाश होता. चहाच्या टेबलाजवळच्या सज्जनाला मी हे सांगितलं असतं, पण तोवर त्याचा चहा थंड झाला असता.

सिराफची मला ओढ आहे ती यामुळे. एके काळी ते आखातातलं मोठं श्रीमंत बंदर होतं. तिथल्या व्यापाऱ्यांची अनेक मजली घरं सागवानाची असत, असं जुने भूगोलकार सांगतात. आखाताच्या त्या उघड्याबोडक्या किनाऱ्याला साग कुठला? तो समुद्रापलीकडून जाई. अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात आणि तो शब्द मूळचा आपल्याकडचाच. इसवी सन ९७७ मध्ये मोठा भूकंप झाला, बरंच शहर पडलं आणि पुढे व्यापारही दुसरीकडे सरकला. १९६६ ते १९७३ या काळात तिथे उत्खनन झालं, तेव्हा मोठ्या मशिदीचे आणि घरांचे अवशेष सापडले. त्याचे फोटो मी पुस्तकात पाहिलेत. ढासळलेल्या भिंती, खाली निळा समुद्र. का कोण जाणे, मला त्यात आमचा गडगा दिसतो.

आमचा एक चाचा आहे, बाबांचा चुलत भाऊ. त्याच्याकडे घराण्याचा शजरा, म्हणजे वंशावळ आहे. लांबलचक कागद, वर बसऱ्याच्या एका बुजुर्गाचं नाव आणि तिथून खाली उतरत उतरत आम्ही. बसऱ्यावर हज्जाज बिन युसुफ नावाच्या सुभेदाराचा जुलूम होता, त्याला कंटाळून आपले पूर्वज गलबतात बसून निघाले, असं चाचा सांगतो. हज्जाज खरा. तो इसवी सन ७१४ मध्ये वारला. ही कथा किनाऱ्यावरच्या बऱ्याच मुसलमान घराण्यांत सांगतात. पण इतकी सगळी घराणी एकाच जुलमाला कंटाळून निघाली असती तर बसरा ओस पडला असता. मी हे बोललो की चाचा रागावतो.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. चाचानं मुलांसमोर तो कागद उलगडला आणि एकेक नाव वाचू लागला. माझी भाची तेव्हा बारा वर्षांची होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, “यात एकपण बाई नाही. मग हे सगळे जन्मले कसे?”

पडवीत हसू उसळलं. चाचानं कागद गुंडाळला आणि तो चहा न घेता निघून गेला. पण मला त्या रात्री झोप आली नाही. कारण मी इतकी वर्षं नकाशावर बोट फिरवत होतो ते सगळं बापांच्या मागे. गलबतातून बाप आला. आई कुठून आली? ती कुठून येणार? ती इथेच होती. मसूदीच्या बयासिरांतल्या कित्येकांच्या आया, आज्या याच किनाऱ्यावरच्या असणार. खाडीकाठी तिसऱ्या वेचणारी, भात लावणारी, अंगणात मासे सुकवणारी कुणीतरी पोर. तिचं नाव कागदावर नाही. तिनं काय ठेवलं, ते मात्र आमच्या तोंडात आहे.

म्हणजे असं बघा. आमच्या घरात आई, पाणी, चूल, भाकरी, झोप, पाऊस हे सगळं मराठी. आमची बोली म्हणजे कोकणी मुसलमानी, पण तिचा सांगाडा मराठीचा. बंदरावर गेलात की शब्द बदलतात. बंदर फारसी, दर्या फारसी, नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, खलाशी अरबीतून आलेला. आणि हे शब्द केवळ आमचे नाहीत, कोळीबांधव आणि भंडारीही तेच वापरतात. उंबऱ्याच्या आत आईची भाषा, उंबऱ्याबाहेर बापाची. त्यात आणखी एक गंमत. आम्ही स्वतःला अरबांचे म्हणवतो आणि ‘नमाज’ व ‘रोजा’ म्हणतो. हे दोन्ही फारसी शब्द आहेत, अरबीत सलात आणि सौम. म्हणजे पुढे बहामनी आणि आदिलशाही अमलात दख्खनचे संस्कारही आमच्यावर भरपूर झाले. शुद्ध वगैरे काही शिल्लक नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

अरबी किनाऱ्याची खूण एका जागी मात्र पक्की राहिली. उत्तर हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी, आम्ही शाफई. केरळचे मापिला, श्रीलंकेचे, इंडोनेशियाचे मुसलमानही शाफई. नकाशावर पाहिलंत तर ही सगळी समुद्राकाठची, येमेन आणि आखाताच्या व्यापाऱ्यांची वाट. सामान्य माणसाला यातला फरक कुठे कळतो, तर ताटात. हनफी मतानं पाण्यातला फक्त मासा चालतो आणि कोळंबी हा मासा की नव्हे, यावर विद्वानांचा वाद आहे. शाफई मत समुद्राच्या बाबतीत उदार. माझ्या सुनेचं माहेर मराठवाड्यातलं, हनफी. पहिल्या उन्हाळ्यात ती कोळंबीच्या कालवणाकडे संशयानं पाहत होती. आता पुण्याला जाताना डबा भरून नेते.

आडनावांचंही तसंच. काझी, खतीब, फकीह ही मशिदीतली. मुकादम, देशमुख, खोत ही गावकारभारातली. आणि बाकी असंख्य ‘कर’. माणूस ज्या गावी रुतला त्या गावाचं नाव लावून मोकळा. बसरी किंवा सिराफी म्हणवून घेणारं घर मला आमच्या पंचक्रोशीत माहीत नाही.

समुद्र कायम असा मोकळा राहिला नाही. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या फ्रान्सिश्कु द आल्मैदानं दाभोळ जाळलं. त्यांनी परवान्याची पद्धत बसवली. ‘कार्ताझ’ नावाचा त्यांचा कागद जवळ नसेल तर गलबत जप्त. ज्या पाण्यावर बापजादे वाऱ्याला विचारून जात, तिथे आता कागद विचारू लागले. त्याच पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्यावर कलमं बांधली आणि आपल्याला हापूस मिळाला. त्याचं नाव आफोन्सुवरून आलेलं. काजू आणि अननसही त्यांच्याच जहाजांतून ब्राझीलकडून आले. शत्रूकडून आलेलं सगळंच टाकायचं ठरवलं तर कोकणाच्या उन्हाळ्यात खायला फणस तेवढा उरेल. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशी नावाच्या, कलम करून वाढवलेल्या झाडाला सरकारनं मूळ गावाचा दाखला दिला. ‘त्याच्या आधी कुठला’ असं त्याला कुणी विचारलं नाही. ‘कलम’ हा शब्दही अरबीच. माझ्या हातातली लेखणी आणि बागेतलं झाड, दोन्ही कलमच.

आंब्यानं उलटा प्रवासही केलाय. बसरा-बगदादकडे आंब्याचं हळद घातलेलं एक आंबट लोणचं खातात. त्याला ते ‘अंबा’ म्हणतात. मुंबईशी व्यापार करणाऱ्या बगदादी यहुद्यांनी ते तिकडे नेलं असं सांगतात, आणि नाव मराठी ‘आंबा’ वरून गेलं. भावानं एकदा कुवेतहून त्याची बरणी आणली होती. मी अगदी भावुक होऊन आईला सांगितलं, की बघ, बसऱ्याच्या लोकांच्या तोंडात आपला शब्द आहे. तिनं बोट लावून चाखलं आणि म्हणाली, “मोहरी जास्त झाली.”

उन्हाळ्याचं आणि आमच्या महिन्यांचं एक निराळंच गणित असतं, तेही सांगायला हवं. इस्लामी वर्ष चांद्र, त्याला अधिक महिना नाही, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. १९८६ साली तो मे महिन्यात आला होता. मी सोळा वर्षांचा होतो, बाबा रजेवर घरी होते. दिवसभर आढीचा वास नाकात आणि तोंडाला कुलूप. संध्याकाळी खजुरानं रोजा सोडायचा, लगेच कापलेला पायरी. खजूर आणि आंबा एका ताटात. तसा रमजान पुन्हा आला २०१९ मध्ये. बाबा नव्हते. आई म्हणाली, आता यापुढचा मी बघत नाही. मी मनात हिशेब केला. पुढचा मे महिन्यातला रमजान २०५० नंतर. तो मीही बघेन असं नाही.

असं सरकणारं वर्ष नाविकाच्या कामाचं नाही, कारण वारा सूर्याचं ऐकतो. म्हणून जुने अरब दर्यावर्दी धर्माला चंद्र आणि प्रवासाला नवरोजपासून मोजलेले दिवस, अशी दोन गणितं ठेवत. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध नाविक इब्न माजिद कुठल्या बंदरातून केव्हा निघावं हे असंच नवरोजच्या दिवसांत सांगतो. हे वाचल्यावर मला आई आठवली. तिला ईद चंद्रावर लागते आणि पाऊस मृगावर. ‘मृगाच्या आत कौलं चाळून घ्या,’ हे तिचं मेच्या तिसऱ्या आठवड्यातलं ठरलेलं वाक्य.

आता ज्या उन्हाळ्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, त्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी मेच्या मध्याला खेड तालुक्यातल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनहून एक बाई आल्यात, आपलं मूळ गाव शोधतायत, तुम्हाला इतिहासाचा नाद आहे तर बघा जरा. केप टाउनमध्ये कोकणी मुसलमान आहेत, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रायगडातलं मोर्बे, खेडजवळचं करजी अशा गावांतून माणसं तिकडे गेली. दुकानं, भाजीपाला, मजुरी, जे मिळेल ते केलं. १९०२ मध्ये केपच्या सरकारनं कायदा केला की उतरणाऱ्याला युरोपीय लिपीत लिहिता आलं पाहिजे. आधी गेलेल्यांना गावी येऊन परत जायचं तर परवाना, आणि मुदतीत परतलं नाही तर हक्क संपला. त्यामुळे बाप तिकडे आणि बायको-मुलं इकडे, अशी कित्येक घरं वर्षानुवर्षं दुभंगलेली राहिली.

बाई साठीच्या होत्या. हातात पणजोबांच्या परवान्याची प्रत. त्यावर गावाचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये इतकं मोडलेलं की तीन वेगवेगळी गावं निघू शकतील. त्यांचं बालपण डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत गेलं होतं. १९६६ मध्ये वर्णद्वेषी सरकारनं ती वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या काही वर्षांत साठ हजारांवर माणसांना उठवून घरं पाडली. “तिकडचं घर नाय,” त्या म्हणाल्या, “म्हणून इकडचं बघाला आले.” त्या हे इंग्रजीत नव्हे, आमच्या बोलीत म्हणाल्या. आईनं हातातलं काम टाकलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेली बोली त्यांच्या तोंडात अशी राहिली होती, की काही शब्द मी फक्त दादीकडून ऐकलेले.

दोन दिवस आम्ही गावं फिरलो. एका ठिकाणी आडनाव जुळलं पण घर नव्हतं, जोत्याचे चिरे होते आणि त्यातून भेडा वाढलेला. हेच ते, असं मी खात्रीनं सांगू शकत नव्हतो. त्यांनी विचारलं, “असेल ना?” मी म्हटलं, असेल. खोटं बोललो की खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या जोत्यावर बराच वेळ बसल्या. मग घरी येऊन पडवीत आईशेजारी बसल्या आणि पोरांसारखा कोपरापर्यंत ओघळ आणत आंबा चोखला. मी झोपाळ्यावर होतो. माझा नकाशा शेजारी मिटलेला होता. एवढी वर्षं मी इथून सिराफकडे बघत होतो. आणि तेवढीच वर्षं, समुद्राच्या त्या टोकाला, कुणीतरी डोळे मिटून नेमकी ही पडवी बघत होतं. हा वास, ही न्हाणीसमोरची रांग, ज्याला आम्ही वैतागतो.

घराचा विषयही त्याच आठवड्यात निघाला होता. भाऊ म्हणतो, आईच्या मागे हे कोण सांभाळणार? आताच वाटण्या करू, खाडीकाठच्या जमिनीला आज भाव आहे. त्याचं चुकीचं नाही. त्याला मुलांची शिक्षणं आहेत, आखातातली नोकरी कधी संपेल सांगता येत नाही. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा गावातले कितीतरी लोक अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. त्यांना यायला घर होतं, एवढंच मी बोललो. त्या बाई आमचं ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र जिन्याच्या खांबावर बराच वेळ हात ठेवून उभ्या राहिल्या. सागाचा आहे.

वाटण्या अजून झालेल्या नाहीत. भाऊ कुवेतला गेला, बहीण मुंबईला, पोरं पांगली. मृगाच्या आधी दोन गडी लावून मी कौलं चाळून घेतली. आढीचा पेंढा जनावरांना गेला. पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी केप टाउनहून फोन आला. जून म्हणजे त्यांचा हिवाळा, आणि त्यांच्याकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो. आवाज नीट येत नव्हता. मी फोन आईच्या कानाला लावला. पलीकडून त्या मोठ्यानं सांगत होत्या, “इकरं पानी परतंय.”

“हितंपन,” आई म्हणाली.